अमेरिकेत पक्षाचं तिकीट नक्की देतं कोण?

पारंबी

नोव्हेंबर २०२६ मध्ये अमेरिकेत मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या, निवडणुका आहेत. हाउसच्या (संसदेचं खालचं सभागृह) सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या (वरचं सभागृह) साधारण एकतृतीयांश आणि ३६ राज्यांचे गव्हर्नर. त्याबद्दल वाचताना एका ठिकाणी सारखं अडायला होतं, म्हणून हा धागा.

आपल्याकडे उमेदवारीचा वाद एबी फॉर्मवर मिटतो. पक्षाने अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीचा फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला की चिन्ह त्या उमेदवाराचं. बाकीचे अपक्ष. अमेरिकेत असा फॉर्म देणारं कुणी दिसत नाही. पक्षाच्या राष्ट्रीय समितीला अध्यक्ष असतो, पण उमेदवार ठरवताना त्याचं नाव कधी ऐकू येत नाही.

यावरून माझं मत असं झालंय की तिथे पक्ष हे नुसतं नाव आहे, संघटना अशी नाहीच. पण मग काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, मतदान होतं तेव्हा जवळजवळ सगळे पक्षाच्या रेषेवर कसे उभे राहतात? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? जाणकारांनी लिहावं.

सह्यवारा

उमेदवारी पक्ष देत नाही, प्रायमरीतले मतदार देतात. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी होणारी निवडणूक, आणि ती राज्य सरकार घेतं. सगळं इथूनच सुरू होतं.

उमेदवार राज्याच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निवडणूक कार्यालयात अर्ज भरतो. सोबत कायद्याने ठरवलेल्या संख्येइतक्या मतदारांच्या सह्या किंवा शुल्क. अर्ज वैध ठरला की पक्षाच्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव येतं. टेक्सससारख्या राज्यात अर्ज पक्षाच्या अध्यक्षाकडेच भरायचा असतो (हाउससाठी शुल्क ३,१२५ डॉलर), पण कायद्याच्या अटी पुऱ्या झाल्या असतील तर 'हा माणूस आम्हाला नको' एवढ्या कारणावर तो नाकारता येत नाही.

ही पद्धत आणली ती पक्षांचे स्थानिक दादा लोक बंद खोलीत उमेदवार ठरवायचे, ते मोडायला. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी हा लढा चालवला. १९०४ च्या सार्वमतात तिथे कायदा मंजूर झाला आणि १९०६ मध्ये पहिल्यांदा वापरला गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहुतेक राज्यांनी तो उचलला.

काजवा

म्हणजे कुणीही उठून 'मी रिपब्लिकन' म्हणत त्यांच्या मतपत्रिकेवर येऊ शकतो? पक्षाला तो मान्य नसला तरी?

सह्यवारा

@काजवा, बहुतेक राज्यांत हो. २०१८ मध्ये इलिनॉयच्या तिसऱ्या मतदारसंघात आर्थर जोन्स नावाचा उघड नाझी विचारांचा माणूस रिपब्लिकन प्रायमरीत उभा राहिला. डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला, म्हणून पक्षाचा दुसरा कुणी अर्ज भरायलाच गेला नाही आणि हा बिनविरोध आला. पक्षाने जाहीरपणे हात झटकले, मतं देऊ नका असं सांगितलं, पण मतपत्रिकेवरून नाव काढता आलं नाही. नोव्हेंबरमध्ये तो पडला. हरणाऱ्या जागांवरसुद्धा पक्षाने कुणीतरी उभा करायला हवा, तो याचसाठी.

मिशिगनकर

'कुणीही' येऊ शकतो हे खरं, पण सह्यांची अट दिसते तेवढी सोपी नाही.

मिशिगनमध्ये हाउसच्या प्रायमरीसाठी १,००० वैध सह्या लागतात, गव्हर्नरसाठी १५,०००. सगळं 'वैध' या शब्दावर आहे. सही करणारा नोंदणीकृत मतदार नसला, मतदारसंघाबाहेर राहत असला, तारीख चुकली, सह्या गोळा करणाऱ्याने खालचं प्रमाणपत्र नीट भरलं नाही, तर सही बाद. म्हणून जाणती माणसं किमान दीडपट, जमल्यास दुप्पट सह्या आणतात आणि जमा करण्यापूर्वी मतदार यादीशी एकेक नाव ताडून घेतात.

२०२२ मध्ये गव्हर्नरपदासाठी दहा रिपब्लिकनांनी अर्ज भरले होते, त्यातले पाच सह्यांमुळे बाद झाले. डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग आणि धनाढ्य उद्योजक पेरी जॉन्सन हे दोघेही त्यात. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांनी हजारोंनी बनावट सह्या ठोकल्या होत्या, आणि त्याच माणसांनी अनेक उमेदवारांना माल पुरवला होता. दहातले पाच गेले ते तपासनिसाच्या टेबलावर. त्यात पक्षश्रेष्ठींचा काहीही हात नव्हता.

मराठी वाचकांना जवळचं उदाहरण श्री ठाणेदार यांचं. बेळगावात वाढलेले, अमेरिकेत उद्योजक झालेले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचे कोट्यवधी डॉलर घालून उतरले आणि तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. मग २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत निवडून आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघाच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदारांना जेमतेम २८ टक्के मतं मिळाली, पण ती सगळ्यांत जास्त होती. मिशिगनमध्ये प्रायमरीला दुसरी फेरी नाही. मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक, की ऑगस्टमधल्या त्या २८ टक्क्यांवरच खासदारकी पक्की झाली. तिथल्या बऱ्याच जुन्या नेत्यांना दुसरा उमेदवार हवा होता, पण थांबवायला हातात काही साधन नव्हतं. २०२४ ला २०२२ चेच प्रमुख प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर पुन्हा यायला निघाले, तर त्यांच्या वैध सह्या हजारच्या खाली भरल्या आणि नावच मतपत्रिकेवर आलं नाही.

उंबरठा

वरचं सगळं बरोबर आहे, पण 'पक्षाला काही अधिकार नाही' हा निष्कर्ष मला पटत नाही. प्रायमरी जिथे होत नाही तिथे जाऊन बघा.

पोटनिवडणूक घ्या. न्यूयॉर्कमध्ये हाउसची जागा मध्येच रिकामी झाली तर प्रायमरी होत नाही, मतदारसंघातल्या काउंट्यांचे पक्षनेते बसून उमेदवार ठरवतात. खासदार जॉर्ज सँटोस यांची हाउसमधून हकालपट्टी झाल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये लाँग आयलंडवर झालेली पोटनिवडणूक अशीच. डेमोक्रॅट नेत्यांनी टॉम सुओझींना उभं केलं, रिपब्लिकन नेत्यांनी मॅझी पिलिप यांना. एकाही सामान्य मतदाराला विचारलं नाही. हा एबी फॉर्मच झाला.

व्हर्जिनियात तर बराच काळ प्रायमरी घ्यायची की अधिवेशन, हे पक्ष ठरवायचा. २०२१ मध्ये रिपब्लिकनांनी अधिवेशन निवडलं. राज्यभर केंद्रं ठेवून, आधी नोंदणी केलेल्या कार्यकर्त्यांकडून पसंतीक्रमाने मतं घेतली आणि त्यातून गव्हर्नरपदाचे उमेदवार म्हणून ग्लेन यंगकिन निघाले. खुली प्रायमरी झाली असती तर ते निवडले गेलेच असते असं नाही. नियम कोण ठरवतं यावर निकाल ठरतो, आणि इथे नियम पक्षाने ठरवला.

जास्वंद

+१ उंबरठा. न्यू जर्सीची 'काउंटी लाइन' यात घालायलाच हवी. एडिसनच्या बाजूला एवढी मराठी वस्ती आहे, तरी आपल्या मतपत्रिकेत काय चालायचं हे थोड्यांनाच ठाऊक असतं.

बाकीच्या राज्यांत प्रायमरीच्या मतपत्रिकेवर पदाप्रमाणे गट असतात: सिनेटचे सगळे उमेदवार एकत्र, हाउसचे एकत्र. न्यू जर्सीच्या २१ पैकी १९ काउंट्यांत काउंटी समितीने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, सिनेटपासून थेट स्थानिक पदापर्यंत, एकाच ओळीत किंवा स्तंभात छापायचे. विरोधकांची नावं लांब कोपऱ्यात, कधी मधे रिकाम्या चौकटी सोडून. मतदार एका ओळीने खाली येत खुणा करत जायचा. काउंटी अध्यक्षाचं वजन होतं ते याच कागदावरच्या मांडणीचं. पाठिंबा गेला तर ओळ गेली, आणि ओळ गेली की विद्यमान आमदारसुद्धा गडगडायचा.

२०२४ मध्ये सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले. २९ मार्च २०२४ ला फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही ओळ थांबवली. मार्च २०२५ मध्ये राज्याने कायदाच बदलला आणि आता पदाप्रमाणे गट छापतात. पाठिंबा अजूनही जाहीर होतो, पण कागदाची ताकद त्यामागे राहिलेली नाही.

तळ्यातमळ्यात

थोडं अवांतर, पण कामाचं. इथे अमेरिकेत मत देणारे वाचक आहेत, आणि प्रायमरीत मत वाया जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पक्षाचं 'सदस्यत्व' म्हणजे मतदार नोंदणीच्या फॉर्मवरची एक खूण. वर्गणी नाही, ओळखपत्र नाही, कुणाची मंजुरी नाही. टेक्सस, व्हर्जिनिया, जॉर्जिया, मिशिगन, विस्कॉन्सिन अशा राज्यांत तर तीही खूण नसते.

न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा ही बंद प्रायमरीची राज्यं. पक्ष नोंदवलेला नसेल तर प्रायमरीत मतच नाही, आणि पक्ष बदलायची मुदत खूप आधी संपते. न्यूयॉर्कमध्ये सध्या १४ फेब्रुवारी, प्रायमरी जूनमध्ये. पूर्वी हे याहून कडक होतं: एप्रिल २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत ऑक्टोबर २०१५ मध्येच संपली होती. त्यामुळे डोनाल्ड ट्रम्प यांच्या इव्हांका आणि एरिक या दोन मुलांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही.

कॅलिफोर्नियात वेगळाच घोटाळा होतो. कुठल्याच पक्षात नाव नको असलेली माणसं फॉर्मवर 'अमेरिकन इंडिपेंडंट' वाचतात आणि तिथे खूण करतात. तो एक खराखुरा उजवा पक्ष आहे. अपक्ष राहायचं तर 'नो पार्टी प्रेफरन्स' निवडावं लागतं. चुकीच्या रकान्यात गेलेल्याला अध्यक्षपदाच्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागता येत नाही.

टेक्ससमध्ये मार्चच्या प्रायमरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर मे महिन्यात दुसरी फेरी. मार्चमध्ये एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलंत तर मेमध्ये दुसऱ्या पक्षाच्या फेरीत जाता येत नाही. पहिल्या फेरीला घरी बसलेल्याला मात्र दोन्हींतली कुठलीही निवडता येते.

मिशिगनकर

@तळ्यातमळ्यात, मिशिगनची भर. ऑगस्टच्या प्रायमरीत दोन्ही पक्षांचे स्तंभ एकाच कागदावर असतात. एका पदाला या स्तंभातला आणि दुसऱ्या पदाला त्या स्तंभातला उमेदवार निवडलात, तर पक्षांचा पूर्ण भाग रद्द होतो. केंद्रावर मत देत असाल तर मशीन सूचना देतं आणि नवी मतपत्रिका मागता येते. टपालाने पाठवलेल्या मताला ती संधी नाही.

नोव्हेंबरमधली चूक उलटी. तिथे एका खुणेत पूर्ण पक्षाला मत द्यायची सोय आहे, आणि ती खूण केली की काम झालं असं वाटतं. पण न्यायाधीश, शाळामंडळ, स्थानिक प्रस्ताव हे बिनपक्षीय भागात असतात आणि त्या खुणेत मोजले जात नाहीत. कागदाची मागची बाजू कोरी राहते. त्यातही गंमत अशी की राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांची नावं पक्षांची अधिवेशनं सुचवतात, पण मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष छापत नाहीत.

ओटीवरचा

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे, म्हणजे काँग्रेसकडे वळतो.

तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. आपल्याकडे १९८५ पासून दहावं परिशिष्ट आहे, व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते, आणि पक्ष फुटला की मूळ पक्ष कुणाचा यावर निवडणूक आयोग आणि कोर्टात वर्षं जातात. धनुष्यबाण आणि घड्याळ यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत व्हिप नावाचं पद आहे, पण त्या माणसाचं काम मतं मोजायचं आणि समजूत घालायचं. शिक्षा करायचा कायदेशीर अधिकार त्याला नाही.

मे २००१ मध्ये सिनेट ५०-५० होतं आणि उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मतावर रिपब्लिकनांचं बहुमत होतं. व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स पक्ष सोडून अपक्ष झाले आणि डेमोक्रॅट्सबरोबर बसायला लागले. एका माणसाने बहुमत उलटलं, सगळ्या समित्यांचे अध्यक्ष बदलले. जेफर्ड्स यांची जागा गेली नाही, राजीनामा द्यावा लागला नाही, कुणी कोर्टात गेलं नाही. जुलै २०१७ मध्ये जॉन मॅककेन, सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या तीन रिपब्लिकनांनी आरोग्यविम्याचं विधेयक ४९-५१ ने पाडलं, तिघांचीही जागा शाबूत राहिली.

हाउसचं तर विचारूच नका. जानेवारी २०२३ मध्ये केव्हिन मॅकार्थींना स्पीकर व्हायला १५ फेऱ्या लागल्या, कारण स्वतःच्याच पक्षातले थोडे लोक अडून बसले. ३ ऑक्टोबर २०२३ ला आठ रिपब्लिकन डेमोक्रॅट्सबरोबर गेले आणि २१६-२१० ने त्यांना पदावरून काढलं.

काजवा

१५ फेऱ्या? दिवसभर नुसती हजेरीच चालली असेल.

मास्तर_निवृत्त

@काजवा, चार दिवस चालली. आणि १५ काहीच नाही. १८५५-५६ मध्ये गुलामीच्या प्रश्नावर पक्ष फुटलेले असताना नथॅनियल बँक्स यांना स्पीकर व्हायला १३३ फेऱ्या आणि दोन महिने लागले होते.

थोडा इतिहास देतो, कारण सगळ्या विसंगतीचं मूळ तिथे आहे. अमेरिकेच्या संविधानात पक्ष हा शब्दच नाही. लिहिणाऱ्यांना पक्ष नकोच होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षीय वृत्तीपासून सावध राहायला सांगितलं. पण तोवर हॅमिल्टन आणि जेफरसन यांचे गट झालेच होते, आणि संविधानाची यंत्रणा पक्षांपुढे चार वर्षांतच कोलमडली.

तेव्हा प्रत्येक इलेक्टर (अध्यक्ष निवडणारा राज्याचा प्रतिनिधी) दोन मतं द्यायचा: पहिला आलेला अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. १८०० मध्ये जेफरसन यांच्या पक्षाचे इलेक्टर इतके शिस्तीत होते की जेफरसन आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे जोडीदार ॲरन बर, दोघांनाही बरोबर ७३ मतं पडली. बरोबरी झाल्याने निवड हाउसकडे गेली आणि ३६ व्या फेरीत सुटली. म्हणून १८०४ मध्ये १२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दोन पदांची मतं वेगळी केली. पक्ष आहेत हे मान्य करून केलेली पहिली दुरुस्ती ती, पण पक्षाचं नाव तिच्यातही नाही. पुढे पक्षांना कायद्यात जागा मिळाली ती राज्यांच्या कायद्यात, म्हणून पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा.

सह्यवारा

@ओटीवरचा यांनी दिलेली उदाहरणं लक्षात राहतात, कारण ती विरळ आहेत. एरवी बहुतेक मतदान पक्षाच्या रेषेवरच होतं, आणि पारंबी यांचा प्रश्न तोच आहे. भीती व्हिपची नसते, पुढच्या प्रायमरीची असते.

बहुतेक मतदारसंघ एका पक्षाला इतके झुकलेले असतात की नोव्हेंबरची निवडणूक औपचारिक उरते. खरी लढत प्रायमरीत, आणि तिथे मत द्यायला येतात ते थोडे, पक्षाचे कट्टर लोक. २०१४ मध्ये व्हर्जिनियात हाउसमधले बहुमताचे नेते एरिक कँटर प्रायमरीत डेव्ह ब्रॅट या नवख्या प्राध्यापकाकडून हरले. पक्षातलं दुसऱ्या क्रमांकाचं पद, प्रचंड पैसा, काही उपयोग झाला नाही. वायोमिंगच्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्यावर मे २०२१ मध्ये पक्षाच्या हाउस सदस्यांनी त्यांना नेतृत्वातून काढलं, पण खासदारकी काढून घेता आली नाही. ती ऑगस्ट २०२२ मध्ये वायोमिंगच्या प्रायमरीच्या मतदारांनी घेतली. तेव्हा तिथे मतदानाच्या दिवशीही पक्ष बदलता यायचा, म्हणून काही डेमोक्रॅट चेनींना मत द्यायला रिपब्लिकन झाले. २०२३ मध्ये कायदा बदलून उमेदवारी अर्ज सुरू झाल्यापासून प्रायमरी होईपर्यंत पक्षबदल बंद केला.

म्हणून शिस्त आहे, पण ती वरून येत नाही, खालून येते. श्रेष्ठी कमजोर आणि पक्षनिष्ठा तीव्र, हे दोन्ही एकत्र नांदतं ते यामुळे.

उंबरठा

'वरून येत नाही' यावर पुन्हा हरकत. हाउसच्या आत बहुमताच्या पक्षाकडे दोन पक्की हत्यारं आहेत: समित्या आणि वेळापत्रक. कोण कुठल्या समितीवर जाणार हे पक्षाची सुकाणू समिती ठरवते. कुठलं विधेयक मतदानाला येणार, त्यावर किती दुरुस्त्या मांडता येणार, हे रूल्स कमिटी ठरवते. तिथे सदस्य नऊ बहुमताचे आणि चार अल्पमताचे, सभागृहात फरक अगदी थोडा असला तरी. स्पीकरच्या मनात नसेल तर बहुमताचा पाठिंबा असलेलं विधेयकही वर्षभर पडून राहू शकतं.

त्यावर उतारा म्हणजे डिस्चार्ज पिटिशन. विधेयक ३० कामकाजी दिवस समितीत अडलेलं हवं आणि २१८ खासदारांच्या सह्या हव्यात. बहुमताच्या पक्षातल्या माणसाने त्यावर सही करणं म्हणजे स्वतःच्या स्पीकरला उघड आव्हान, म्हणून ते क्वचित जमतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीन याच्याबद्दलची सरकारी कागदपत्रं खुली करण्याच्या बाबतीत जमलं: चार रिपब्लिकनांनी सह्या केल्या, २१८ वी सही नव्या निवडून आलेल्या अडेलिटा ग्रिहाल्वा यांची, आणि एकदा मतदान अटळ झाल्यावर विधेयक ४२७-१ ने मंजूर झालं. आता बघा, ४२७ जणांना मत द्यायला चालत होतं ते विधेयक इतके महिने सभागृहात मतदानाला येत नव्हतं. पक्षाची सत्ता मोजायची तर मतदानाच्या आकड्यात ती दिसत नाही, मतदानाला जे आलंच नाही त्यात दिसते.

पारंबी

हे वाचून चित्र बरंच स्पष्ट झालं. पण मग २०२४ चं काय? बायडन यांना प्रायमरीत मतं मिळाली होती. २१ जुलैला ते बाजूला झाले आणि कमला हॅरिस उमेदवार झाल्या. तिथे मतदार कुठे आले?

मास्तर_निवृत्त

अध्यक्षपदाची प्रायमरी थेट उमेदवार निवडत नाही, ती पक्षाच्या अधिवेशनाचे डेलिगेट (प्रतिनिधी) निवडते. हा फरक तिथे कामी आला.

आधी १९६८ पाहा. ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावरून एवढा क्षोभ झाला की मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला, आणि १९७२ पासून डेलिगेट मतदारांनी निवडायचे ही पद्धत रुळली. डेमोक्रॅट आज प्रमाणशीर वाटणी करतात, किमान १५ टक्के मतं मिळवणाऱ्यालाच डेलिगेट. रिपब्लिकन पक्षात राज्यांना जास्त मोकळीक आहे, कॅलिफोर्नियात २०२४ ला निम्म्याहून जास्त मतं घेणाऱ्याला सगळे १६९ डेलिगेट अशी तरतूद होती.

डेमोक्रॅटिक नियमात डेलिगेटने निवडून देणाऱ्यांच्या भावनेला सद्सद्विवेकाने धरून राहावं असं म्हटलंय. उमेदवारच बाजूला झाला की डेलिगेट मोकळे. अधिवेशन १९ ऑगस्टला होतं, पण ओहायोत उमेदवाराचं नाव कळवायच्या मुदतीवरून आधीच गोंधळ झाल्याने पक्षाने तोवर न थांबता ऑनलाइन मतदान घेतलं. ते ५ ऑगस्टला संपलं. बायडन यांनी पाठिंबा दिलेला, वेळ नाही, दुसरा कुणी अर्जाला पुरेशा डेलिगेटांच्या सह्या मिळवू शकला नाही. कायद्याने सगळं नीट होतं. मतदारांना विचारलं गेलं नाही ही टीकाही खरी आहे, आणि पक्ष ही खासगी संघटना आहे हे अशा वेळी उघड दिसतं.

तळ्यातमळ्यात

बंडखोरीबद्दल कुणी लिहिलं नाही. बहुतेक राज्यांत प्रायमरीत हरलेल्याला त्याच वर्षी अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येता येत नाही, किंवा अपक्षाची मुदत आधीच संपलेली असते. कनेक्टिकटमध्ये तशी आडकाठी नव्हती, म्हणून २००६ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर जो लिबरमन प्रायमरीत नेड लॅमाँटकडून हरल्यावर अपक्ष उभे राहून जिंकले. अलास्कात २०१० मध्ये मर्कोव्स्की हरल्या तेव्हा एकच वाट उरली: मतदाराने हाताने नाव लिहायचं. त्यांनी नावाचं स्पेलिंग छापलेले मनगटी पट्टे वाटले आणि जिंकल्या. चुकीच्या स्पेलिंगची मतंही मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर धरावीत असं कोर्टाने सांगितलं.

आणि तिसरा पक्ष का उभा राहत नाही, तर मुख्यतः ज्याला जास्त मतं तो जिंकला, या नियमामुळे. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मतं शून्य. २००० मध्ये फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं होती आणि बुश जिंकले ५३७ ने. ठळक अपवाद न्यूयॉर्कचा: तिथे एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींवर उभा राहू शकतो आणि मतांची बेरीज होते. झोहरान ममदानी २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज या दोन्ही ओळींवर होते. छोट्या पक्षाला मतविभाजनाचा आरोप न घेता आपलं वजन दाखवता येतं ते असं.

दुपारचा_चहा

नवीन सदस्य आहे. एच-१बीवर असताना पक्षाच्या कामात भाग घेता येतो का? देणगी चालते का? ग्रीनकार्ड झाल्यावर?

जास्वंद

@दुपारचा_चहा, हे नीट वाचा, कारण यातली चूक महागात पडते.

एच-१बी, एल-१, एफ-१ असे तात्पुरते व्हिसा: एक डॉलरही देणगी द्यायची नाही, कुठल्याच पातळीवरच्या निवडणुकीत. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, पत्रकं वाटणं चालतं, पण प्रचाराचा पैसा कुठे जाणार अशा निर्णयात बसायचं नाही. ग्रीनकार्डवर देणगी चालते. फेडरल उमेदवाराला २०२५-२६ साठी मर्यादा दर निवडणुकीला ३,५०० डॉलर, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगवेगळ्या मोजतात. पैसे स्वतःचेच हवेत. मित्राच्या पैशांची देणगी आपल्या नावाने देणं हा गुन्हा आहे.

मत मात्र नागरिकत्वानंतरच. सगळ्यांत जास्त घोळ लायसन्सच्या कार्यालयात होतो: लायसन्सच्या अर्जातच मतदार नोंदणीचा प्रश्न असतो, आणि घाईत 'हो' वर खूण जाते. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, हे विचारतात. चुकून झाली असेल तर मत न देता लगेच लेखी रद्द करून घ्या, त्याची प्रत ठेवा आणि वकिलाला दाखवा.

नागरिक झाल्यावर न्यू जर्सीत: पक्ष नोंदवलेला नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाहीर करता येतो. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म पोचायला हवा.

पारंबी

सगळ्यांचे आभार. मग मूळ प्रश्नाचं उत्तर राज्यागणिक वेगळं, असंच ना? आणि ज्याला पक्षातच काम करायचंय, श्रेष्ठी नाहीत तर त्याने जायचं कुणाकडे?

मिशिगनकर

@पारंबी, कुणाकडेच जायचं नाही, निवडून यायचं. पक्षाची सगळ्यांत खालची पायरी म्हणजे प्रिसिंक्ट, आपल्या भाषेत बूथ. मिशिगनमध्ये दर सम वर्षी ऑगस्टच्या प्रायमरीत प्रत्येक प्रिसिंक्टचे डेलिगेट मतदार निवडतात. ते काउंटीच्या अधिवेशनात बसतात, तिथून राज्य अधिवेशनाचे प्रतिनिधी ठरतात. आणि राज्याचा ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका बघणारा), सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, मिशिगन विद्यापीठाचे रीजंट (नियामक मंडळाचे सदस्य) यांची उमेदवारी प्रायमरीत ठरत नाही, त्या अधिवेशनात ठरते. २०२२ मध्ये यातल्या पहिल्या दोन पदांचे रिपब्लिकन उमेदवार मॅथ्यू डीपर्नो आणि क्रिस्टिना कारामो असेच निघाले, कारण त्यांचे समर्थक डेलिगेट म्हणून मोठ्या संख्येने आले होते.

यातल्या कितीतरी जागा दर वेळी रिकाम्या राहतात. उमेदवारीला सह्या लागत नाहीत, शुल्क नाही. ओळखीचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर सही करून काउंटी क्लार्कच्या कार्यालयात द्यायचं. २०२६ मध्ये प्रायमरीची तारीख ४ ऑगस्ट, आणि अर्जाची मुदत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी चारला संपते. प्रिसिंक्टचा नंबर मतदार ओळखपत्रावरून बघून घ्या. पत्ता बदलला असेल तर आधी नोंदणी दुरुस्त करा, नाहीतर अर्ज तिथेच परत येतो.